मुंगसाची गोष्ट आणि आमची गाडी



आजचं वाचन महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातलं आहे. युद्ध संपलंय, युधिष्ठिराचा अश्वमेध थाटात पार पडलाय, दानधर्म इतका झालाय की सगळीकडे त्याचीच चर्चा. आणि अशा वेळी एक मुंगूस बिळातून बाहेर येतं. अर्धं अंग सोन्याचं, अर्धं साधं. ते सगळ्यांसमोर सांगतं की तुमचा हा यज्ञ कुरुक्षेत्रातल्या त्या गरीब ब्राह्मणाच्या शेरभर सातूच्या पिठाची बरोबरी करू शकत नाही.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारं एक कुटुंब. नवरा, बायको, मुलगा, सून. दुष्काळ पडलेला. कित्येक दिवसांनी एक प्रस्थ जव मिळाले. त्याचं सातूचं पीठ केलं आणि चार सारखे वाटे केले. एकेक वाटा म्हणजे एक कुडव. आता पहिला घास घेणार तेवढ्यात दारात पाहुणा. ब्राह्मणानं आपला कुडव दिला. पाहुण्याचं पोट भरलं नाही. मग बायको म्हणाली, माझा द्या. मग मुलगा म्हणाला, माझा द्या. मग सून. चारही वाटे गेले. पाहुणा म्हणजे साक्षात धर्म होता, वगैरे शेवट आपल्याला माहीत आहेच. तिथे सांडलेल्या पिठात आणि पाण्यात मुंगूस लोळलं आणि त्याचं अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी ते तेव्हापासून यज्ञ शोधत फिरतंय.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझं सगळं लक्ष मुंगसाकडे असायचं. या वेळी मूळ कथेचं भाषांतर सावकाश वाचलं तेव्हा वेगळीच जागा दिसली. ब्राह्मण स्वतःचा वाटा लगेच देतो, तिथे त्याला एक क्षणही लागत नाही. पण बायको पुढे आली की तो अडतो. ती उपाशी आहे, थकलेली आहे, थरथरतेय, हे त्याला दिसतं. तो म्हणतो, किडामुंगीसुद्धा आपल्या जोडीदाराला सांभाळतात, मी तुझ्या तोंडचं कसं काढून देऊ? तिला त्याला समजवावं लागतं की धर्म आपल्या दोघांचा आहे. मुलाच्या वेळीही तो अडतो. तू हजार वर्षांचा झालास तरी मला लहानच, मी म्हातारा आहे, मला भूक सोसते, असं काहीतरी तो बोलतो. सुनेच्या वेळी तर तो अगदीच कळवळतो. प्रत्येकाला आपला वाटा त्याच्या हातात आग्रहानं द्यावा लागतो.

म्हणजे त्या झोपडीत कुटुंबप्रमुखानं 'आपण' देऊन टाकू, असं एकदाही म्हटलेलं नाही. चार वाटे होते आणि चार वेळा वेगवेगळा निर्णय झाला.

हे आज लिहायचं कारण म्हणजे दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्यात. निम्म्या मित्रांचे प्लॅन ठरलेत, कोणी कोकण, कोणी समृद्धीनं शेगाव, कोणी हंपी. आमचंही बोलणं चाललंय. आणि ही गोष्ट वाचताना माझ्या डोळ्यांसमोर झोपडी आलीच नाही, आमची गाडी आली. आम्हीही चौघंच. मी, बायको, आई आणि सात वर्षांची मुलगी.

फॅमिलीसोबत गाडीनं लांब जाणं हा प्रकार मला मनापासून आवडतो. ट्रेनमध्ये, विमानात आपण प्रवासी असतो. गाडीत आपण घरच रस्त्यावर घेऊन निघालेलो असतो. डिक्कीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा वीस लिटरचा जार, एक चटई, औषधांची पिशवी आणि कोणी न वापरलेली बॅडमिंटनची रॅकेट. मुलीला घाटात गाडी लागते, म्हणून आलेपाक आणि प्लास्टिकच्या पिशव्या पुढच्या कप्प्यात. आईला भक्तिगीतं हवी असतात, मुलीला तिची तीच तीन गाणी, बायकोला थोडा वेळ शांतता. एसी कोणाला जास्त, कोणाला कमी. दर पंचवीस मिनिटांनी 'अजून किती?' हा प्रश्न.

नीट बघितलं तर गाडीतही प्रत्येकाचा एक कुडव असतो. वेळ, झोप, खिडकी, पोटातली भूक, मनाची शांतता, हे सगळं मोजून वाटलेलं. ड्रायव्हरच्या हातात स्टीअरिंग असल्यामुळे त्याला वाटतं की हे सगळं भांडार आपल्याच ताब्यात आहे. कुठे थांबायचं, किती वेगानं जायचं, जेवण आधी की घाट आधी, सगळं तोच ठरवतो. मॅपवरची पोहोचायची वेळ चार मिनिटांनी कमी झाली की त्याला बग फिक्स केल्याचा आनंद होतो. त्या चार मिनिटांचे पैसे कोणाच्या वाट्यातून गेले, हे मॅप दाखवत नाही.

आईचं एक सांगतो, कारण हे बहुतेक घरांत असंच असणार. लांबच्या प्रवासाला निघायचं असलं की आई सकाळपासून पाणी पिणं कमी करते. कोणी तिला तसं सांगितलेलं नाही. वाटेत धड स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, आणि आपल्यासाठी सारखी गाडी थांबवायला लावायची नसते. बायको म्हणाली तेव्हा मला कळलं की ती स्वतःही हेच करते, आणि तिच्या ऑफिसातल्या बऱ्याच जणीही. म्हणजे गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पडायच्या आधीच दोन वाटे कमी झालेले असतात, न विचारता, न बोलता. पुरुष टपरीवर चहा घेतो, मागे झाडाकडे जाऊन येतो आणि म्हणतो, काय मस्त रस्ता झालाय.

ही गोष्ट छोटी नाही. त्या ब्राह्मणाला बायकोची थरथर दिसली होती, म्हणून तो अडला. जे दिसतच नाही त्याबद्दल अडणार कसं? आमच्याकडे आता दर दीड तासानं गाडी थांबते. कोणाला गरज आहे का, असा प्रश्न विचारत नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'नाही, चालू दे' असंच येतं. थांबायचं म्हणजे थांबायचं, पंप बघून, चांगलं हॉटेल बघून. सगळ्या स्पीड-लिमिटवाल्या मित्रांना हे सांगून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. गाडीतल्यांचे वाटे गाडीतल्यांसाठी असेपर्यंत सोपं आहे. पाहुणा दारात आल्यावर काय?

गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही गणपतीपुळ्याला निघालो होतो. पुण्याहून साताऱ्याच्या पुढे उंब्रजला वळायचं, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. चिपळूणला मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी संगमेश्वरावरून निवळी फाट्याला आत. निघायला दोन वाजले होते. आईला शुगर आहे, रात्रीची गोळी आणि जेवण यांची वेळ ठरलेली आहे, त्यामुळे आठ-सव्वाआठपर्यंत मावशीच्या ताटावर बसायचं असा हिशेब. पाटण सोडलं तेव्हा सहा वाजून गेले होते, उजेड संपत आला होता. मुलगी मागे आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

एका वळणानंतर रस्त्यावर पांढरं काहीतरी पसरलेलं दिसलं. आधी कळलं नाही. मग आडवी पडलेली मोटारसायकल दिसली, दुधाच्या किटल्या दिसल्या आणि कडेला पडलेला माणूस दिसला. दुसरा एक जण, त्याच्याबरोबरचाच असावा, उभा राहून नुसता हातवारे करत होता. आमच्या पुढची एक गाडी हळू झाली, बाजूनं गेली.

मी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला होता. या सगळ्याला चार-पाच सेकंद लागले असतील, आणि त्या सेकंदांत गाडीत जे बोलणं झालं ते एवढंच. बायको म्हणाली, "थांबायला हवं. पण आईंची गोळी आहे." आई मागून म्हणाली, "माझं माझ्याकडे. पर्समध्ये बिस्किटं आहेत. तू गाडी बाजूला घे."

वळणापासून पुरेशी पुढे, कडेला गाडी लावली, चारही इंडिकेटर चालू केले. बायकोनं तिच्या ऑफिसात प्रथमोपचाराचं एक ट्रेनिंग केलेलं आहे, त्यामुळे माणसाजवळ ती गेली आणि १०८ ला फोनही तिनंच लावला. मी मागे जाऊन वळणाच्या आधी त्रिकोण ठेवला आणि मोबाईलचा टॉर्च हलवत उभा राहिलो, कारण दुधानं रस्ता निसरडा झाला होता आणि मागून येणाऱ्याला वळण संपेपर्यंत काहीच दिसत नव्हतं. माणूस शुद्धीवर होता, कण्हत होता, मांडीतून रक्त येत होतं. तिनं आमच्याकडचा धुतलेला टॉवेल घडी करून त्यावर दाबून धरला, आणि त्याचं डोकं, मान हलू दिली नाही. बरोबरचा तरुण सारखा म्हणत होता, पाणी पाजू का, पाणी पाजू का. तिनं नाही म्हटलं. अपघातातल्या माणसाला तोंडावाटे काही देऊ नये. ऑपरेशनची वेळ आली किंवा शुद्ध हरपली तर ते पाणी घातक ठरू शकतं. (हे लक्षात ठेवा. आपल्याला लहानपणापासून पाणी पाजणं म्हणजेच दया असं शिकवलेलं असतं.)

ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला. या पाऊण तासात मुलगी जागी झाली. आणि ती काही गोष्टीतल्या सुनेसारखी वागली नाही. ती रडली. "मला मावशीआजीकडे जायचंय, आत्ता" असं म्हणत राहिली. आईनं तिला काच खाली करू दिली नाही, तिकडे बघूही दिलं नाही, एका काकांना लागलंय आणि तुझी आई त्यांच्याजवळ बसलीये एवढंच सांगितलं. बिस्किटांतली दोन तिला दिली, दोन स्वतः खाल्ली. चिपळूणला पोहोचायला साडेनऊ झाले. त्या माणसाचं पुढे काय झालं ते आम्हाला माहीत नाही. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना तो बोलत होता, एवढं आम्ही बघितलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. तिचा चांगुलपणाशी फार संबंध नाही, ती हिशेबाची आहे. आपण थांबलो तेव्हा नक्की कोणी काय दिलं?

एकनाथ महाराजांची गोष्ट घ्या. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेत. केवढा लांबचा रस्ता, केवढा संकल्प. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडतंय. महाराज कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात ओततात. सोबतचे हळहळतात, आणि महाराजांना मात्र आपला रामेश्वर तिथेच भेटलेला असतो. प्रवासावरची याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही. पण एक लक्षात घ्या, ती कावड त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर होती. संकल्प त्यांचा, पुण्य सोडायचं तर त्यांचंच. दुसऱ्याच्या खांद्यावरची कावड उतरवून ती त्यांनी गाढवाला पाजली असती, तर ती गोष्ट आपण तीनशे-चारशे वर्षं सांगत राहिलो असतो का?

जटायूचंही तसंच. म्हातारा पक्षी, झाडावर झोपलेला, सीतेची हाक ऐकली आणि रावणासमोर उभा राहिला. जिंकणार नाही हे दिसत असताना. पण त्यानं पणाला लावलं ते स्वतःचं अंग. त्याच्या मागच्या सीटवर कोणी झोपलेलं नव्हतं.

आपले बहुतेक दयेचे आदर्श असे एकट्यानं चालणारे आहेत. म्हणून कुटुंबासोबत असताना ते थेट लागू होत नाहीत, आणि मग आपण दोनपैकी एका टोकाला जातो. एक टोक म्हणजे 'फॅमिली सोबत आहे यार, कुठे थांबणार.' दुसरं टोक म्हणजे सगळ्यांना गृहीत धरून हिरो होणं. मला यातलं पहिलं टोक जास्त धोकादायक वाटतं, कारण ते प्रेमासारखं दिसतं.

'फॅमिली सोबत आहे' हे वाक्य किती वेळा ऐकलंय बघा. टोल नाक्यावर म्हाताऱ्या जोडप्यानं लिफ्ट मागितली, फॅमिली आहे. कोणाची गाडी बंद पडलीये, जॅक हवाय, फॅमिली आहे. त्यातली भीती खोटी नसते हे मला मान्य आहे, रात्री अनोळखी रस्त्यावर अनोळखी माणसासाठी काच खाली करणं ही काही गंमत नाही. पण या वाक्यात एक चलाखी आहे. फॅमिलीला कोणी विचारलेलंच नसतं! आम्ही डेव्हलपर लोक मीटिंगमध्ये 'युजरला हे नकोय' असं ठासून सांगतो आणि कित्येकदा एकाही युजरशी बोललेलो नसतो. तसंच आहे हे. माझी भीती, माझा कंटाळा, माझी पोहोचायची घाई, हे सगळं मी आईच्या आणि मुलीच्या नावावर टाकतो. ब्राह्मण कुटुंबासाठी अडला हे खरं, पण त्याआधी त्याचा स्वतःचा कुडव पाहुण्याच्या पानात गेलेला होता. स्वतःचा वाटा झाकून ठेवून बायकोच्या भुकेचं कारण त्यानं सांगितलं नाही.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी माझा वाटा. मग दुसऱ्यांच्या वाट्याबद्दल संकोच. मग त्यांनी स्वतः दिला तर घेणं. यातली एकही पायरी गाळली की गोष्ट बिघडते.

एक मैत्रीण ही कथा ऐकून वैतागली होती. तिचं म्हणणं, शेवटी बायकोनं द्यायचं, सुनेनं द्यायचं, हेच ना? घरोघरी तेच चाललंय, त्यात सोनं कसलं? तिचा राग मला बरोबर वाटतो. पाणी न पिता गाडीत बसणारी आई तो वाटा आनंदानं देत नसते, तिनं दुसरा पर्यायच बघितलेला नसतो. म्हणून त्या सासऱ्याचं अडणं मला सुनेच्या देण्याइतकंच मोलाचं वाटतं. तू उन्हावाऱ्यानं सुकली आहेस, तुझा घास मी कसा घेऊ, असं तो म्हणाला नसता आणि हात नुसता पुढे केला असता, तर ती रोजचीच कहाणी झाली असती. ज्या घरात 'नको, राहू दे' असं मनापासून म्हणणारं कोणी नाही, तिथलं 'घ्या' सुद्धा तपासून बघावं लागतं. आमच्या आईचं 'माझं माझ्याकडे' हे मला खरं वाटलं, कारण तिच्या आवाजात हुकूम होता. आणि तिची अडचण बायकोनं बोलून दाखवली होती, म्हणजे ती दिसली होती.

उरते मुलगी. तिच्यापाशी माझं सगळं तर्कशास्त्र थांबतं. गोष्टीतला मुलगा मोठा होता, लग्न झालेला, त्याला आपण काय देतोय ते कळत होतं. सात वर्षांच्या मुलीला ते कळत नाही. तिनं तिचा वाटा दिला नाही, उलट मोठ्यानं मागितला, आणि आम्ही तो तिला न विचारता खर्च केला. पाऊण तास, थोडी भीती, उशिरा जेवण. हे करणं आम्हाला योग्य वाटलं आणि अजूनही वाटतं, पण त्याला तिचं दान म्हणता येणार नाही. ते आमचं कर्ज आहे तिच्याकडून घेतलेलं. काही आईबाप म्हणतील, चांगलं झालं की, मुलांवर संस्कार होतात. मला तो शब्द इथे वापरायला नको वाटतो. तो माणूस तिथे कण्हत होता तो आमच्या मुलीला संस्कार मिळावेत म्हणून नाही.

तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं ते एवढंच, "ते दूध कोणाचं होतं?"

आता व्यवहाराचं थोडं. भावनेच्या भरात कुठेही थांबा असं माझं म्हणणं नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर, रात्री, धावत्या लेनच्या कडेला कुटुंबासकट थांबणं म्हणजे दुसऱ्या अपघाताची सोय. एकदा तिथे अपघात दिसला तेव्हा आम्ही थांबलो नाही. बायकोनं ११२ ला फोन करून किलोमीटरचा दगड सांगितला आणि तो फोन पूर्ण होईपर्यंत आम्ही कोणी काही बोललो नाही. त्या दिवशी तेवढाच वाटा देण्यासारखा होता आणि तो दिला. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा नंबर आहे, राज्यात ॲम्ब्युलन्ससाठी १०८. तिन्ही नंबर गाडीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत. ड्रायव्हरनं फोन करायचा नसतो.

आणि 'नंतर पोलिसांचं झंगट लागतं' ही जी भीती आपण वडिलांकडून ऐकत आलो, ती आता बरीचशी जुनी झालीये. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. त्याच कायद्यात 'गोल्डन अवर'ची व्याख्याही आहे, म्हणजे गंभीर इजेनंतरचा तो एक तास ज्यात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वात जास्त असते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. यातल्या किती जणांच्या बाजूनं 'फॅमिली सोबत' असलेल्या गाड्या हळू होऊन निघून गेल्या असतील, याचा आकडा कोणी ठेवत नाही.

चार सेकंदांत कुटुंबाची सभा भरत नाही, हे उघड आहे. वळणावर पोहोचल्यावर कोण काय देणार हे विचारायला वेळ नसतो. म्हणून आम्ही ते आता आधी बोलतो, निघायच्या आदल्या रात्री, बॅगा भरताना. कोणाची औषधं किती वाजता, उशीर झाला तर कोणाला किती चालेल, थांबलो तर गाडीत मुलीजवळ कोण बसणार, बाहेर कोण जाणार. पहिल्यांदा बोललो तेव्हा जरा विचित्र वाटलं, शुभ प्रवासाच्या आदल्या दिवशी हे काय अभद्र, असं आई म्हणालीही. मग तिनंच सांगितलं की तिला तासभर उशीर चालतो, दोन तास नाही, आणि रात्री दहानंतर तिला भीती वाटते, तेव्हा मी थांबू नये, फोन करावा. हे तिनं याआधी कधीच सांगितलं नव्हतं. बायको म्हणाली, तिला रक्ताची भीती वाटत नाही, पण पुरुषांचा घोळका असेल तर मी बरोबर यायचं. मुलीनं विचारलं, मी काय करायचं? तिला म्हटलं, तुला रडू आलं तर रड, चालेल. तिनं थोडा विचार केला आणि आपली पाण्याची बाटली सोडून बाकी काहीही देईन असं जाहीर केलं. बाटलीवर मांजर आहे.

या वेळी डिक्कीत दोन जुन्या सुती चादरी, हातमोजे आणि जास्तीची बिस्किटं जाणार आहेत. रॅकेटही जाईलच.

आश्वमेधिक पर्वात मुंगूस मुळात कोण होतं तेही पुढे सांगितलंय, आणि ती भानगड स्वतंत्र लिहिण्यासारखी आहे. ते उद्या.

राम कृष्ण हरी.